अर्ध्यावर थांबवलेले धवले

माणसाला चारचौघांत उभं करून त्याचं पाणी जोखायचं, हे मला फार चांगलं जमतं. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि नंतर शिकवणाऱ्यांनाच शिकवायला लागले. माझ्या वर्गात रडला नाही असा शिक्षक अख्ख्या तालुक्यात शोधून सापडायचा नाही, असं लोक माझ्यामागे बोलत. ते कानावर आलं की, खोटं कशाला सांगू, अंगावर मूठभर मांस चढायचं.

काम असं होतं. गावोगाव कला जाणणारी माणसं असतात, शाळेत शिक्षक असतात आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. एका संस्थेने ठरवलं की एक शिक्षक आणि त्याच्याच गावचा एक कलाकार अशी जोडी करायची, दहा दिवस दोघांना शिकवायचं आणि मग त्या जोडीने आपल्या शाळेत आणि आजूबाजूच्या शाळांत कला शिकवायची. गावची कला गावानेच पुढे न्यायची, बाहेरून कोणी यायला नको. कल्पना चांगली होती, आजही चांगलीच आहे. तिच्या नशिबी माझ्यासारखी बाई आली, त्याला ती बिचारी काय करणार!

दिवाळीच्या सुट्टीत चौलच्या एका शाळेत वर्ग भरला. पेणहून एक मूर्तिकार आला होता. गणपतीचे डोळे आखण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी विचारलं, "हे मुलांना पस्तीस मिनिटांच्या तासात कसं शिकवाल?" तो म्हणाला, "मॅडम, मला स्वतःला पंधरा वर्षं लागली." मी म्हटलं, "मग मुलांना तोपर्यंत नातवंडं होतील हो!" हॉल खो खो हसला. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. हजेरीत त्याच्या नावापुढे रेघ मारताना माझा हात जरासुद्धा अडला नाही.

आणि याच वर्गात ती होती. रेवदंड्याच्या खाडीपलीकडल्या एका आगरी गावातली धवलारीण. साठी ओलांडलेली, काटक, कपाळावर गोंदण, पायात जुन्या पुरुषी चपला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आगऱ्यांच्या लग्नात धवले गायला जी बाई येते ती धवलारीण. तांदळाच्या पिठाचा चौक काढायचा, हळद लावायची आणि गात गात एकेका देवाला मांडवात बोलवायचं. कुलदेवी, गावदेवी, शेताच्या बांधावरचा राखणदार, घरातली मेलेली माणसं, सगळी नावं घेऊन. तिच्याशिवाय हळद लागत नाही. चार गावांत मिळून ती एकटीच उरली होती.

तिच्या जोडीला त्याच गावच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका होती. मला घाबरून असायची, म्हणजे हुशार होती.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने आपला बेत सांगितला. पोरांकडून बाहुला-बाहुलीचं लगीन लावून घ्यायचं. मुलींनी चौक काढायचा, मुलांनी मांडव घालायचा, सगळ्यांनी मिळून धवले गायचे. अडीच तास लागतील. आज आठवलं की वाटतं, त्या दहा दिवसांत माझ्यासमोर आलेला एवढाच एक खरा पाठ. मी काय म्हणाले? "आजी, आपण इथे लग्नं लावायला जमलोय का? पस्तीस मिनिटं. त्यात बसवा."

"बाय," ती म्हणाली, "देवाना बोलावला त पोचवाला पन लागतं. अर्ध्यावर सोरला त ते कुठं जातीन?"

धवल्यांची ती रीतच. आधी बोलवायचं, बसवायचं, मानपान करायचा आणि शेवटी एकेकाला नाव घेऊन परत घरी पोचवायचं. मध्ये थांबायचं नाही. मग कोणी मरो, पाऊस येवो, वीज जावो. आवाज बसला तर शेजारची बाई ओळ उचलते, पण पोचवल्याशिवाय तोंड मिटत नाही.

"त्यांना म्हणावं रिक्षा करून जा," मी म्हणाले.

हॉल पुन्हा हसला. ती तरुण शिक्षिका उठून चाचरत म्हणाली, "मॅडम, ते खरंच अर्धवट ठेवत नाहीत, आमच्याकडे..." मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "तुम्ही विज्ञान पण शिकवता ना?" एवढंच विचारलं. ती खाली बसली.

त्यानंतर आठ दिवस मी त्या म्हातारीला घोटलं. दुसरा शब्द नाही. टेबलावर पितळी घंटी ठेवली. ती गायला लागायची, रंगात यायची, डोळे मिटायचे, आणि मी टण्ण. थांबा. पुन्हा. आधी ती थांबायचीच नाही, ओळ ओढत राहायची, आणि मी घंटी बडवत राहायची. मग ती दचकायला लागली. मग घंटी वाजायच्या आधीच घाबरून चुकायला लागली. नवव्या दिवशी तिला जमलं. देवाचं नाव अर्ध्यावर आणि तोंड बंद. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या हिशेबी तो दिवस मोठा होता.

शेवटच्या दिवशी पाहुणे आले. उंटावरून शेळ्या हाकणारी मंडळी, गळ्यात ओळखपत्रं. सुट्टीतून गोळा करून आणलेल्या पन्नास मुलांसमोर म्हातारीने पाठ घेतला. कुलदेवीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, स्वतःच्या मेलेल्या नवऱ्याला नाव घेऊन बोलावलं, आणि मी घंटी वाजवली. ती थांबली. हात जोडले. पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एकाने फोनवर चित्रण केलं. मी ते मागून घेतलं आणि दिसेल त्या गटावर मीच पाठवलं. खाली लिहिलं, 'परंपरा आणि तासिका यांचा सुंदर मेळ.'

चहाच्या वेळी ती दिसेना. सत्काराचा नारळ घेऊन मी शोधत गेले. शाळेच्या मागे पाण्याच्या नळांपाशी ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि अगदी हळू आवाजात गात होती. एकेकाला पोचवत होती. गावदेवी, कुलदेवी, नवरा. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मला बघून ती गायची थांबली नाही. सगळं संपल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, आणि मी म्हणाले, "आजी, तिकडे लोक खोळंबलेत आणि तुमचं हे काय चाललंय?" नारळ तिच्या हातात दिला आणि पुढे झाले.

ही गोष्ट तिथे दुसऱ्या कोणी पाहिली नाही. फोनवर तर नाहीच नाही.

तुळशीची लग्नं झाली आणि लग्नांचा मोसम लागला. पहिल्याच लग्नात ती गायली, आणि ती नवरी पंधरा दिवसांत माहेरी परत आली. नवऱ्याचं दुसरीकडे काहीतरी होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण पोराला दोष देण्यापेक्षा म्हातारीला देणं सोपं. कोणीतरी फोन काढला, ते चित्रण दाखवलं. बघा, हिने देव अर्ध्यावर सोडले, शाळेत, टाळ्यांसाठी. आता हिने बोलावलेले देव येत नाहीत, आणि आले तर जात नाहीत. माघात तिला कोणी बोलावलं नाही. फाल्गुनात नाही. त्या तरुण शिक्षिकेने मला फोन करून हे सांगितलं. मी म्हटलं, "अंधश्रद्धा आहे, दुर्लक्ष करा." सांगायला काय जातं!

माझं तेव्हा मस्त चाललं होतं. संस्थेने माझं प्रशिक्षण-पुस्तक छापलं. त्यात आदर्श पाठ म्हणून म्हातारीचा पाठ, तिचा हात जोडलेला फोटो, आणि मुखपृष्ठावर माझं नाव.

चैत्रात ती अलिबागला माझ्या घरी आली. एसटीने, मग चालत, उन्हातून. पाणी प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं. आईबापाविना तिने वाढवलेली एकुलती एक नात. मुलाकडचे उरणकडचे, चांगले लोक, पण त्यांनीही ते चित्रण पाहिलं होतं. त्यांची अट होती की म्हातारीने मांडवात गायचं नाही.

"आख्ख्या गावाच्या पोरींना मी हलद लावली," ती म्हणाली. "माज्या पोरीला दुसरीनी लावाची? बाय, तुमी बगलंत ना? मी पोचवले ते तुमी बगलंत. येवराच सांगा त्यांना. तुमच्या शब्दाला मान हाय."

एवढंच. तिने मला माफी मागायला सांगितली नाही. घंटीचं नावसुद्धा काढलं नाही. मला तेव्हा खरंच भरून आलं, आणि मी म्हटलं, "येते. नक्की येते." आणि ती गेल्यावर भरून आल्याबद्दल स्वतःवरच खूश झाले.

रविवारी म्हातारीच्या घरी बैठक होती. ओटीवर चटया, मध्ये पानाचं तबक. मुलाचा काका मुख्याध्यापक निघाला. मला बघताच उठून उभा राहिला. "मॅडम, तुम्ही! अहो, तुमचं पुस्तक आमच्या शाळेत सगळ्या शिक्षकांना वाचायला लावलंय मी. तो धवल्यांचा पाठ तर मी स्वतः घेतो." मी नको नको म्हणत मधोमध बसले. बघा, माणूस कसा असतो. शाळेत त्याला तो अर्धा पाठ आदर्श वाटत होता आणि घरच्या मांडवात त्याच पाठाची भीती वाटत होती. आणि हे मला दिसत होतं. मी हसून घेतलं.

मग त्याने आवाज उतरवून विचारलं, "मॅडम, रागावू नका. पण हे मध्येच थांबायचं, ते तुम्ही सांगितलं होतं का यांना?"

म्हातारी माझ्यासमोर बसली होती. दाराआड नात उभी होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. माझ्या तोंडात 'हो' होतं. एक अक्षर. पण त्या 'हो'च्या मागे घंटी होती, आठ दिवस होते, रिक्षाचा विनोद होता, आणि पुढे छापलेलं पुस्तक. मी घसा साफ केला आणि म्हणाले, "असं आहे, आमच्या प्रशिक्षणात कोणावर सक्ती नसते. सहभागी स्वतःच्या मर्जीने पाठ बसवतात."

हे वाक्य मी लिहून आणलं नव्हतं. ते माझ्यात आधीपासून तयारच होतं.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही मला सोलून काढणार. काढायलाच हवं होतं. पण मी तिच्या घरी आलेली पाहुणी होते.

"बाय बरोबर बोलतान," ती म्हणाली. "मना कोनी नाय थांबवली. मीच थांबली. म्हातारपन, इसारली मी." मग ती पुढे सरकली. "पन मागून मी सगल्यांना पोचवले. नलापाशी. बायनी सोता बगलंय. इचारा त्यांना."

ओटीवरचे सगळे माझ्याकडे वळले. तिने माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं होतं आणि बदल्यात एक खरं मागत होती. देऊन टाकायचं होतं मला, काय जात होतं? पण आत्ताच म्हटलं होतं की सगळं मर्जीने, सगळं रीतसर. मग भिंतीकडे तोंड करून ती बाई का गात होती, असं त्याने विचारलं असतं. तो शिक्षक होता, विचारलंच असतं. आणि शिकलीसवरलेली मी देव पोचल्याची साक्ष देतेय, हे त्याने चार शाळांत सांगितलं असतं. एवढा विचार मी केला. पुरा केला, नीट केला, आणि मग बोलले.

"माझ्या काही लक्षात नाही हो," मी म्हणाले. "त्या दिवशी फार गडबड होती."

काकाने मान हलवली. "मग आम्ही आमच्याकडची धवलारीण आणतो. आजींनी नुसतं बसून आशीर्वाद द्यावेत."

दाराआडच्या बांगड्या आत गेल्या. म्हातारीने पानाचं तबक काकापुढे सरकवलं. मग म्हणाली, "आना. पोरीचा चांगला झाला म्हंजे झाला." आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली, माझ्याजवळ आली.

"बाय, जेवल्याबिगर जावाचा नाय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी कोलंबी केलीय."

मी जेवायला बसले. शेजारी बसून तिने स्वतः वाढलं, भाकरी संपली की दुसरी घातली, आणि मी पोटभर जेवले.