ठोकून पाहणारे गुलाबराव

रायपूरच्या तात्यापाऱ्यातले गुलाबराव जन्मभर रेल्वेच्या यार्डात वॅगनची चाकं हातोडीनं ठोकत आले. आवाज खणखणीत आला की चाक धड, बद्द आला की कुठंतरी तडा. नोकरी संपली, हातोडी यार्डात जमा झाली, पण हाताची खोड कोण जमा करून घेणार? टरबूज असो, माठ असो, शेजाऱ्याचं नवं दार असो, गुलाबराव आधी बोटाच्या पेरानं टकटक करणार आणि कान लावून ऐकणार.

रायपूर राजधानी झालं आणि गावात नाही नाही त्या वस्तूंची दुकानं निघाली. चौबे कॉलोनीत यशदीप नावाच्या तरुणानं खाऱ्या पाण्यातल्या माशांचं दुकान थाटलं. समुद्र कुठं, रायपूर कुठं! पण गुलाबराव सहज म्हणून आत शिरले ते काचेची टाकी, बारीक वाळू, समुद्री मीठ आणि जिवंत पोवळी घेऊनच घरी आले. त्यांच्या बायकोनं, शारदाबाईंनी, कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगायचं तर टाकीनं घराचं भलंच केलं. उठता-बसता भाजीत मीठ कमी, चहात साखर जास्त, अशी कुरकुर करणारा माणूस टाकीसमोर गप बसू लागला. उन्हाळ्यात पाणी आटलं की वरून गोडं पाणीच घालायचं, मीठ काही उडून जात नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेनं समजावून सांगू लागला.

टाकीत फक्त मासा तेवढा नव्हता. यशदीपनं पोवळ्यांना तोंड न लावणारी रॅस जातीची मासोळी दिली. ती घरी आली आणि दगडाआड जाऊन बसली. दिसेना, तेव्हा गुलाबरावांनी काय करावं? काच ठोकली. मासोळी बिचकून अशी उसळली की उघड्या टाकीतून थेट फरशीवर. उचलून पाण्यात टाकेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या रात्री ते भरल्या ताटावरून उठले.

मग त्यांनी मच्छरदाणीची जाळी चौकटीवर ताणून झाकण केलं आणि दुसरी रॅस आणली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, भारी देखणी. शारदाबाईंनी तेव्हाच बजावलं, "हे शेवटची. हेबी मेली तं टाकी भंगारवाल्याले देईन. मले घरात जिवाची तडफड पाहावत नाही."

यशदीपनंही सांगितलं होतं, "अंकल, ये रेत में घुसकर सोती है. नई जगह है, कई दिन दिखेगी नहीं. रेत में हाथ मत डालना, और ठोकना तो बिलकुल नहीं."

झालंही तसंच. पाण्यात सोडताक्षणी पोरगी वाळूत गडप. जन्मभर रात्रपाळ्या केलेला माणूस, उशिरापर्यंत लोळणं हा आता त्यांचा हक्कच होता. दुपारच्या चहाला टाकीचा दिवा लावून ते समोर बसत. दिसायची नुसती वाळू. हात आपोआप काचेकडे जाई, मग ते तो काखेत दाबून धरत. असे कितीतरी दिवस गेले. माणसानं किती धीर धरावा?

एका संध्याकाळी गुलाबराव उलथनं घेऊन टाकीपाशी आले. शारदाबाई तिथंच मेथी निवडत होत्या.

"काय करून राहिले?"

"उकरून पाहतो. आत सडली असन तं पाणी नासन, पोवळीबी जातीन." वाळूकडे पाहत ते म्हणाले, "मंग टाकीबी ने म्हण भंगारवाल्याले. तुयाच शब्द खरा झाला."

शारदाबाईंनी मेथी बाजूला ठेवली. "ठेवा ते उलथनं. जित्ती हाय ते."

"तुले काय माहीत?"

"सकाळी नळ येते ना, तवा निघते. रोज. घडीभर फिरते आन परत वाळूत जाते. तुम्ही घोरत असता."

"आन खाते काय?"

शारदाबाईंनी परत मेथी हातात घेतली. मासोळीच्या खाण्यासाठी फ्रीजमध्ये ठेवलेल्या गोठलेल्या झिंग्यांच्या डब्यावरून त्यांनी महाभारत केलं होतं. त्या डब्याला त्या बोटही लावत नसत.

"मीच टाकते थोडं. चिमट्यानं."

गुलाबरावांनी उलथनं खाली केलं. "मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही काच ठोकली असती."

गुलाबरावांनी उलथनं स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा ते टाकीसमोर स्टुलावर बसलेले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. वाळू जराशी हलली, आधी तोंड दिसलं, मग ठिपकेदार अंग सगळंच्या सगळं बाहेर आलं. रॅस पोवळ्याला वळसा घालून काचेजवळून गेली. गुलाबरावांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, पण पुसायला हात काही त्यांनी काढला नाही.

"शारदा, ये ना," ते हळूच म्हणाले.

शारदाबाई ओल्या हातांनी आल्या. त्यांनी आधी नवऱ्याचे हात कुठं आहेत ते पाहिलं, आणि मग मासोळीकडे.