सावंत गावाहून येईपर्यंत

"काका, परत एकदा. तसंच." हे तिचं वाक्य. मी दार उघडलं तरी परत एकदा, चहा ओतला तरी परत एकदा. तिसऱ्या खेपेला किटलीत चहाच उरायचा नाही. मी म्हणायचो, "अगं, माणसं दार एकदाच उघडतात." डोळ्यांसमोरचा फोन न हलवता ती म्हणायची, "सिनेमात दहादा उघडतात."

लालबागच्या आमच्या चाळीत ती आईबरोबर दोन खोल्या सोडून राहायची. पस्तिशी उलटलेली. दुसऱ्यांच्या वेबसिरीजवर सहायक म्हणून राबायची. कुठला नट कधी येणार, कुणाचा सदरा कुठल्या रंगाचा, सगळं हिच्या वहीत. सिनेमा मात्र दुसऱ्याचा. तुमच्याही मजल्यावर असेल असं एखादं माणूस.

"बँकेत लाग कुठेतरी," मी वैतागून सांगायचो.

"काका, आता पूर्वीसारखं नाही. नवीन लोकांना घेतात. संधी खूप आहेत."

"मग तुला का मिळत नाही?"

"रांगपण खूप आहे."

मी गिरणीत साचेखात्यात होतो, विणकर. मागावर तुटलेला धागा कसा जोडतात ते एकदा तिला सहज दाखवलं, तर तिने त्याचाच सिनेमा करायला घेतला. माझे हात आणि माझी बडबड, दुसरं काही नाही. किती रविवार खाल्ले माझे! तिला दिलेल्या शिव्यासुद्धा त्यात ठेवल्या.

तो सिनेमा तिने एका कंपनीला पाठवला. कंपनीला आवडला. ते तो दाखवणार होते आणि पुढचा मोठा सिनेमा हिच्या हाती देणार होते. फक्त एका कागदावर माझी सही हवी होती, शुक्रवारपर्यंत.

आठ पानं, सगळी इंग्रजी. मी तिसरी शिकलेला. उंबऱ्यात बसून तिने पानन् पान मराठीत सांगितलं. "तुमचा चेहरा, तुमचा आवाज दाखवायला तुमची हरकत नाही, एवढंच आहे काका."

"मग 'कायमचं' कशाला लिहिलंय?"

"सगळ्यांच्याच कागदात असतं."

गिरणीत असाच एक इंग्रजी कागद साहेबाने गोड आवाजात वाचून दाखवला होता. सही केल्यावर कळलं, मी राजीखुशीने नोकरी सोडली. तेव्हापासून आमच्या खात्याचा नेम ठरला: युनियनचे सावंत वाचतील, मगच सही. आणि सावंत गेलेले गणपतीला गावी.

"फोनवर वाचून दाखवते त्यांना."

"कागद डोळ्यांनी वाचायचा असतो."

"फोटो पाठवते मग."

"त्यांचा फोन बटणांचा आहे."

"काका, शुक्रवार गेला की गेलं हो. माझ्यावरपण विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. कागदावर नाही."

काय मोठं बोललो, असं वाटलं मला तेव्हा. ती भांडली असती तर रागाच्या भरात सही करून कागद तिच्या अंगावर फेकला असता मी. पण बाई भांडलीच नाही. माझा कप विसळून पालथा घातला आणि गेली.

सावंत पुढच्या बुधवारी आले. उभ्या उभ्या आठही पानं वाचली. "बरा कागद आहे की रे. करायचीस सही. मुलखाचा हट्टी तू."

तिथेच सही केली आणि तिच्या दारात गेलो. तिने कागदाची नीट घडी घातली. "त्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी घेतला, काका. राहू दे. तुमचंही बरोबर होतं."

मला अजून चीड येते ती या बोलण्याची. माझं काय डोंबल बरोबर होतं?

दिवाळीनंतर ती आईला घेऊन मालाडकडे गेली, काम तिकडे म्हणून. अजून दुसऱ्यांच्याच सिरीजवर सहायक आहे. सूनबाई तिची सिरीज टीव्हीवर लावते. गोष्ट मला कळत नाही, नुसती पिस्तुलं काढतात. मी शेवटच्या नावांसाठी बसतो. इंग्रजी येत नाही, पण सुनेकडून तिचं नाव कागदावर लिहून घेतलंय, ते गुडघ्यावर धरतो. नावं वर सरकू लागतात, माझी नजर तिसऱ्या-चौथ्यावर असते, तेवढ्यात यादी बारीक होऊन कोपऱ्यात जाते आणि पुढचा भाग आपोआप सुरू होतो. ती तर पार खाली असणार.

"बाबा, नावं कोण वाचतं?" सूनबाई म्हणते.