झेंडू तेवढा रंगीत

दुकानांची फेसबुक-इन्स्टाची पेजेस सांभाळायला घेतली की फोटोंपेक्षा किस्सेच जास्त साठतात. मोबाईल भरला तर फोटो उडवता येतात, किस्से कुठे उडवणार? मी आणि माझा पार्टनर प्रसाद नाशकातल्या बऱ्याच दुकानांचं हे काम बघतो. पण मित्र जमले की फर्माईश एकाच दुकानाची होते, पंचवटीतल्या अण्णांच्या फुलांच्या दुकानाची.

मळा मखमलाबादला, दुकान पंचवटीत. सांभाळते अण्णांची सून संगीता. ती हार करायला बसली की बघत राहावं. पण गिऱ्हाईक यायचं ते देवाच्या हारापुरतं. अण्णांनी सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत बघू. नाय जमलं तर शटर खाली. फुलं सरळ मार्केटला घालू, सूनबाई मळ्यात येईल." संगीताचा जीव त्या दुकानात होता. लग्नाच्या ऑर्डरी मिळाव्यात म्हणून ती आमच्याकडे आली.

*

त्याआधी तिनं स्वतःच पेज काढलं होतं. नेटवरून ट्युलिपचे फोटो उचलून टाकले, एकदम झकास. ते बघून कॉलेज रोडच्या एक बाई गाडी घेऊन आल्या. मुलीच्या हळदीला हीच फुलं हवीत म्हणाल्या.

अण्णांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "ताई, हे आमच्या मळ्यात उगवत नाय. शेवंती लय भारी हाय, दाखवू का?"

बाई हसल्या आणि गेल्या. तेव्हापासून आमचा नियम, जे टोपलीत आहे तेच फोटोत.

*

मग अण्णांचा हट्ट, पेजवर मालकाचा फोटो पाहिजे. हात जोडलेले, डोळ्यांवर गॉगल, मागे सोनेरी चमक. चौकातल्या फ्लेक्सवर असतो अगदी तसा. आम्ही टाकला.

संध्याकाळपर्यंत खाली वाढदिवसाच्या शुभेच्छांची रांग लागली. दिंडोरीचे व्याही तर केक घेऊनच आले. अण्णांनी मुकाट्यानं टोपी सरळ केली आणि केक कापला.

मी म्हटलं, "अण्णा, सांगायचं ना त्यांना."

"माणूस एवढ्या लांबून आला, त्याला नाय कसं म्हणायचं?"

*

एकदा मी संगीताला म्हटलं, तुझ्या हातांचा फोटो काढू. ती हात पदराखाली घ्यायला लागली. "नको ना, नखं बघा कशी हिरवी झालीत."

तसाच काढला. दोन हिरवी बोटं आणि अर्धा गुंफलेला हार. त्याच फोटोवर पहिली लग्नाची ऑर्डर आली. नवरीच्या आईनं लिहिलं होतं, हार याच हातांचे हवेत. संगीता दिवसभर तो मेसेज उघडून बघत होती. अण्णा मात्र म्हणाले, "एका लग्नानं दुकान चालत नाय."

*

आणि मग प्रसादच्या डोक्यात आर्ट शिरलं. सगळा फोटो ब्लॅक अँड व्हाइट, झेंडू तेवढा रंगीत. मध्ये अण्णा, समोर झेंडूचा भलामोठा हार. खाली ओळ, "अख्खं आयुष्य फुलांना दिलेला माणूस."

दुपारपर्यंत खाली भावपूर्ण श्रद्धांजलीचा पूर आला. आम्ही धावत दुकानात पोचलो. प्रसाद पोस्ट उडवतोय, तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. अण्णांच्या हातात सुई-दोरा होता, त्यांनी फोन स्पीकरवर घेतला.

"अण्णाला किती वाजता नेणार?"

आवाज भास्कररावांचा, अण्णांच्या मावसभावाचा. पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. फोनवर दुकानातला गडी आहे, असं त्यांना वाटलं असणार.

अण्णांनी आम्हाला गप्प राहायची खूण केली आणि आवाज बदलून म्हणाले, "चार वाजता."

"एक मोठा हार करून ठेवा. तुमच्याच दुकानातला पाहिजे, त्याला दुसरीकडचा चालायचा नाय." मग आवाज एकदम खाली आला. "मीच आधी बोलायला पाहिजे होतं रे."

अण्णांनी सुई-दोरा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "झेंडूचा करू का निशिगंधाचा?"

"निशिगंधाचा. त्याला आवडायचा."

तो हार अण्णांनी स्वतः केला. संगीतालाही हात लावू दिला नाही.

चार वाजता भास्करराव पांढरी टोपी घालून आले. पायरीवर अण्णाच उभे, हातात हार. भास्कररावांनी आधी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग तो हार घेऊन त्यांच्याच गळ्यात घातला आणि लहान मुलासारखे रडायला लागले. प्रसादनं तेवढ्यात फोटो काढला.

अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले. "सूनबाई, हा फोटो पेजवर टाक. खाली लिही, ज्याला दुसरीकडचा हार चालत नाय त्याच्यासाठी दिवाळीनंतरबी दुकान चालू राहील."

मग प्रसादकडे बघून म्हणाले, "पण रंगीत टाक!"