मावशीच्या गोडाऊनमधली कासवं

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसून टाकलं, कारण मावशीने बजावून ठेवलं होतं, "माझ्यावर काही खरडू नकोस हं, लोकांना फुकटची करमणूक." पण काल बसस्टॉपवर फोन चाळत बसले होते तर समोर एक जाहिरात आली. 'वाढत्या व्यवसायांसाठी रोबोट, तेही सोप्या भाड्यात.' आणि त्यात फोटो कुणाचा? आमच्या मावशीचा! एक हात रॅकवर, तोंडभर हसू. गोडाऊन गेलं, रोबोट याच कंपनीने उचलून नेले, घर गेलं, आणि ही बया अजून तिथे उभी राहून हसतेय. माझं डोकंच सटकलं. बस आली आणि गेली, मला पत्ता नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. कपाटांच्या मुठी, बिजागऱ्या, ड्रॉवरच्या पट्ट्या आणि खुर्च्यांची चाकं ऑनलाइन विकायची. म्हणजे मोडल्याशिवाय ज्यांची आठवण येत नाही अशा सगळ्या वस्तू. सुरुवात पलंगाखालून झाली. ऑर्डर आली की ही गुडघ्यांवर बसणार, पलंगाखाली खांद्यापर्यंत हात घालणार आणि बरोबर तीच मूठ बाहेर काढणार. काका कुशीवर वळले की त्यांना काहीतरी टोचायचंच. ते म्हणायचे, "लोकांच्या संसारात सासू येते, आमच्यात बिजागरी आली."

मग ते वर्ष आलं जेव्हा सगळं जग घरात बसून काम करत होतं. लोक दिवस दिवस खुर्चीत, आणि खुर्च्यांची चाकं पटापट मोडायला लागली. सगळ्यांना चाकं हवी! मावशीने गोडाऊन भाड्याने घेतलं, लांबलचक, पत्र्याचं छप्पर, एका टोकाला काचेची छोटी खोली. चार बायका कामाला ठेवल्या. त्यातली एक तिची शेजारीण, पलंगाखालच्या दिवसांपासून हिच्यासोबत पॅकिंग करणारी. दिवसभर नुसती धावपळ. रॅकमधून "अगं, सरक ना!" आणि "कोणी माझी शिडी पळवली?" आणि मध्येच मोठ्याने हसणं. मला सुट्टी लागली की मी तिथेच पडीक असायचे.

आणि मग तो फायनान्स कंपनीचा माणूस आला. मावशी त्याला पाठीमागे जावईबापू म्हणायची. "आला की चांगला कप काढावा लागतो आणि गेला की सुटल्यासारखं वाटतं, मग जावईच की."

जावईबापू म्हणाले, "रोबोट विकत घ्यायचेच नाहीत मॅडम. भाड्याने घ्या. जेवढं काम तेवढं भाडं. माणसं आजारी पडतात, सुट्ट्या घेतात. हे फक्त चार्जिंगला जातात."

त्यांनी एक आलेख आणला होता. मावशीच्या धंद्याची रेघ वर वर गेलेली, आणि ती संपली तिथून पुढे त्यांनी ठिपक्या ठिपक्यांची अजून वर नेलेली.

काकांनी विचारलं, "ही पुढची रेघ ऑर्डरींनी काढलीय की तुम्ही?"

सगळे हसले. मावशी सगळ्यात जास्त. काकांचं एक असं आहे, ते खरं बोलतात पण विनोद केल्यासारखं बोलतात, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही.

'जेवढं काम तेवढं भाडं' यात एक 'किमान' लपलेलं नव्हतं, चांगलं ठळक लिहिलेलं होतं. काम कितीही कमी झालं तरी दर महिन्याला इतकं भाडं द्यायचंच, पाच वर्षं. मावशीने ते वाचलं होतं. ती काही भोळी नाही. पण त्या चाकांच्या वर्षात ते किमान एवढुसं दिसत होतं, की त्याला घाबरणं म्हणजे हत्तीने मुंगीला घाबरण्यासारखं वाटलं तिला. तारण म्हणून राहतं घर लिहून दिलं.

रोबोट आले. सहा. चपटे, गोल कोपऱ्यांचे, जमिनीलगत सरकणारे. मावशीने बघताक्षणी म्हटलं, "अय्या, कासवं!" झालं, तेच नाव पडलं. कासव रॅकच्या खाली शिरायचं, अख्खा रॅक पाठीवर उचलायचं आणि टेबलापर्यंत घेऊन यायचं. आपण जागचं हलायचं नाही. मूठ काढायची, स्कॅन करायची, डब्यात टाकायची, रॅक परत जाणार.

पण त्यांच्यासाठी आधी फरशी सपाट लागते. म्हणून सगळे खड्डे भरून, घासून फरशी आरशासारखी करून घेतली, स्वतःच्या खर्चाने, दुसऱ्याच्या मालकीच्या गोडाऊनची! जुने उंच रॅक भंगारात घातले, कारण कासवांना बुटके, पायांचे रॅक लागतात. जमिनीवर पिवळी पट्टी मारली. तिच्या पलीकडे माणसाने जायचं नाही, कुणी गेलं तर सगळी कासवं जागच्या जागी थांबतात. पहिल्या आठवड्यात मावशी सवयीने चारदा आत गेली आणि चारदा सगळं गोडाऊन बंद पडलं. "स्वतःच्या घरात चोरासारखं वाटतंय," म्हणाली, पण हसत होती.

चार बायकांतल्या तिघींना कामावरून कमी करावं लागलं. शेजारणीलाही. ती भांडली नाही. एप्रन काढून घडी घातली आणि म्हणाली, "आपण पलंगाखालीच बरे होतो गं." त्यानंतर त्या दोघी जिन्यात भेटल्या तरी बोलायच्या नाहीत.

एक सांगून टाकते. रोबोट वाईट नव्हते. नातेवाईक अजून म्हणतात, मशीनने बुडवलं. काही नाही! ती बिचारी एकदाही चुकली नाहीत. लोकांची चाकं मोडायची थांबली, एवढंच झालं. मावशी माल चांगला विकायची ना. तिचं एक चाक बसवलं की वर्षानुवर्षं बघायला नको. लोक परत ऑफिसात गेले, ऑर्डरी निम्म्या झाल्या, मग त्याच्याही निम्म्या. ती म्हणायची, "सडका माल विकला असता तर आज श्रीमंत असते."

दुपारी गोडाऊनमध्ये गेलं की सहाही कासवं चार्जिंगच्या भिंतीशी ओळीने गप्प बसलेली. आणि किमान भाडं चालूच.

काका म्हणाले, "देऊन टाक परत."

"आणि काय करू? रॅक भंगारात गेले, बायका दुसरीकडे लागल्या. आणि करार मोडला तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं एकदम मागतात."

"मग?"

"मग काय? तुम्ही पाठीवर रॅक घ्या, मी वर बसते."

यावर काकासुद्धा हसले नाहीत.

भाडं थकायला लागलं तेव्हा जावईबापूंनी मार्ग काढला. म्हणाले, "मॅडम, आम्ही नवीन लोकांना तुमचं गोडाऊन बघायला आणतो. बघून कुणी सही केली तर तुमचं थकलेलं सहा महिने पुढे ढकलू. फक्त जरा चालतं-फिरतं दिसलं पाहिजे."

मी सुट्टीत तिथेच होते. टेबलाशेजारच्या काचेच्या खोलीत बसून मी खोट्या ऑर्डरी टाकायचे, कासवं पळायची, मावशी पॅक करायची. पाहुणे गेले की ते सगळे खोके उघडून माल परत जागेवर. मावशी म्हणायची, "जावयाच्या मित्रांना जेवायला घातलंय आणि ताटं रिकामी." पहिल्या दोन पाहुण्यांनी सही केली नाही. मग जावईबापूंचा आवाज बदलला. म्हणाले, "आता ही शेवटची संधी हं मॅडम, नाहीतर वरून घराची नोटीस निघेल."

ती शेवटची संधी म्हणजे मोजेवाली.

लहान मुलांचे मोजे विकायची. माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी. दारातून आत आली आणि कासवं बघून टाळ्याच वाजवल्या तिने. "अय्या, किती शहाणी आहेत!" मावशीचा चेहरा मी बघितला. जिथे हसायचं ठरलं होतं तिथे ती हसली नाही. मोजेवाली बोलतच सुटली. घरातल्या बाथटबमध्ये मोजे भरलेत, आंघोळ करायची तर आधी मोजे काढावे लागतात, नवरा म्हणतो मी की मोजे ते ठरव. यंदा ऑर्डरी दुप्पट झाल्यात. आणि घर तारण ठेवायला सासरे तयार आहेत.

जावईबापूंना फोन आला आणि ते बाहेर गेले.

मावशीने टेबलावरचा एक खोका उचलला आणि मोजेवालीच्या हातात दिला. "पत्ता वाच."

तिने वाचला.

"आता हा वाच. हाही वाच."

"सगळ्यांवर एकच पत्ता आहे."

"माझं घर आहे ते. सगळ्या ऑर्डरी माझ्याच. ही पोरगी आत बसून टाकतेय." माझ्याकडे बोट. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

मोजेवाली हसली. "दाखवायचं म्हटल्यावर तसंच करतात ना! मी पण प्रदर्शनात रिकामी पाकिटं लावते."

"अगं ऐक. घेऊ नकोस. रोबोट छान आहेत, पण तुझे मोजे पुढच्या वर्षी एवढे विकले नाहीत तरी हे भाडं मागणारच. घर नको लिहून देऊ."

मोजेवालीचं हसू हळूहळू गेलं. तिने कासवांकडे बघितलं, ती आपली डौलात रॅक घेऊन येत-जात होती. तिच्या मनात काय आलं ते मला लख्ख दिसलं. तिला वाटलं, ही बाई आधी चढून बसलीय आणि आता शिडी काढून घेतेय.

ती म्हणाली, "तुम्ही घेतलंत तेव्हा तुम्हाला कुणी असं सांगितलं असतं, तर ऐकलं असतंत?"

मावशीने तिच्या हातातला खोका परत घेतला आणि म्हणाली, "नाही."

"मग?"



जावईबापू आत आले, आणि मोजेवालीने काय केलं असेल? सरळ त्यांनाच म्हणाली, "या म्हणतात किमान भाड्यातच माणूस मरतो. तुम्ही माझं किमान कमी करा, मग सही करते." तिच्या मनात पाप नव्हतं, मी अजूनही तेच म्हणते. तिने बाजारात करतात तशी घासाघीस केली. त्यांनी किमान थोडं खाली आणलं आणि तिने तिथेच, मावशीच्या पॅकिंगच्या टेबलावर, खोके बाजूला सारून सही केली.

म्हणजे मावशीच्या गोडाऊनमध्ये सही तर झाली. मग ठरल्याप्रमाणे सहा महिने मिळायला हवे होते ना? आठवड्याने उत्तर आलं, की ग्राहकासमोर कंपनीविरुद्ध बोलल्यामुळे सवलत देता येत नाही. जावईबापूंनी फोन उचलणं बंद केलं. मावशी म्हणाली, "जावई रुसला," आणि खुर्चीत बसली ती संध्याकाळपर्यंत उठलीच नाही.

पुढचं पटकन सांगते, कारण मला लिहवत नाहीये. कासवं ट्रकमध्ये गेली. बुटके रॅक भंगारवाल्यालाही नको होते. त्या आरशासारख्या फरशीमुळे मालकाने पुढच्या भाडेकरूकडून जास्त भाडं घेतलं. मग घर गेलं. काका आता दुसऱ्याची डिलिव्हरीची गाडी चालवतात, आणि दोघं एका खोलीत राहतात, गल्लीच्या टोकाला, वर पाण्याच्या टाकीचा आवाज येत राहतो.

आणि आमच्या घरचे? "हिला फार हौस मोठं व्हायची." बस. हे म्हणून मोकळे. माझी सख्खी आईसुद्धा गेली नाही अजून. रागाने नाही. ती म्हणते, "जाऊन बोलू काय?"

मी गेल्या रविवारी गेले. दार साखळीएवढं उघडलं आणि फटीतून मावशीने विचारलं, "कोणी पाठवलं?"

म्हणजे तिला वाटलं मी कुणाचे तरी पैसे मागायला आलेय. मी! जिला तिने पॅकिंगच्या टेबलावर बसवून गृहपाठ करायला लावला होता. मी म्हटलं, "कोणीच नाही गं, मीच आले," तरी साखळी काढायला तिला वेळ लागला.

आत आम्ही पलंगावर बसलो. ती काहीच विनोद करत नव्हती. चहा केला, पण स्वतः घेतला नाही. मी कॉलेजचं काहीबाही बडबडत होते, ती मान हलवत होती आणि मला कळत होतं की ती ऐकत नाहीये. मग एकदम म्हणाली, "मोजेवालीचं कसं चाललंय, बघितलंस का?"

बघितलं होतं मी. तिच्या दुकानाच्या पानावर सगळा माल निम्म्याहून कमी किमतीत काढलाय आणि खाली लिहिलंय, गोडाऊन रिकामं करणे आहे.

मी म्हटलं, "बरं चाललंय तिचं."

"खोटं बोलतेस. कान लाल झाले तुझे."

मग ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने तो काढलाही नाही आणि धरलाही नाही. निघताना मी म्हटलं, परत येते. ती म्हणाली, "नको, तुला लांब पडतं." आई जेव्हा नको म्हणते तेव्हा 'ये' असतं. मावशीच्या 'नको'मध्ये काहीच नव्हतं. रिकामं 'नको' होतं ते.

मला यावर उपाय माहीत नाही. मी गेल्याने तिचं घर परत आलं नाही, ती हसली नाही, काहीच झालं नाही. तरी तुम्हाला सांगतेय. तुमच्या ओळखीतही कुणीतरी असेल ज्याचा धंदा बसला आणि तेव्हापासून लोक त्याचं नाव आवाज खाली करून घेतात. फोन करू नका, असे लोक फोन उचलत नाहीत. काय बोलायचं याचा विचार करत बसू नका, आम्ही तेच करत बसलोय. याच आठवड्यात जा. दार थोडंसंच उघडेल. तरी थांबा.