पटावरची चार नावे

गेल्या वर्षी मार्च महिन्यात, सकाळची पूजा आटोपून मी ओटीवर बसलो असताना आमच्या गावच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका एक कागद घेऊन आल्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत. "गुरुजी, हे वाचून ठेवा. शनिवारी समितीची सभा आहे," एवढे सांगून त्या शाळेकडे वळल्या.

मी निवृत्त संस्कृत शिक्षक. अलिबाग तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत माझी सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतर गावाने मला प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर शिक्षणतज्ज्ञ म्हणून घेतले. त्या पदाचे काम बहुतेक वेळा दाखवलेल्या जागी सही करणे एवढेच असते. त्या सकाळी मात्र चष्मा पुसून मी तो कागद तीन वेळा वाचला.

फेब्रुवारीत झालेल्या चाचणीचा तो निकाल होता. कोणत्या इयत्तेच्या मुलाला काय यायला हवे, याची एक यादी असते. तिला अध्ययन निष्पत्ती म्हणतात. परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगणे, हातच्याची बेरीज करणे, घड्याळ वाचणे. अशा प्रत्येक ओळीपुढे रंग दिलेला होता आणि आमच्या शाळेच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी तांबडा आला होता. खाली लिहिले होते की मुख्याध्यापक व शिक्षक यांचे मूल्यमापन याच निकालावरून होईल. एप्रिलमध्ये फेरचाचणी घेतली जाईल. तिच्यातही सुधारणा न दिसल्यास मुख्याध्यापकांचा कार्यभार काढून घेऊन त्यांची अन्यत्र बदली करण्यात येईल. समितीने आपले मत द्यावे. त्यासाठी तीन चौकटी होत्या: समाधानकारक, सुधारणा आवश्यक, असमाधानकारक.

तो तांबडा रंग कुठून आला, हे गावात सर्वांना ठाऊक होते. डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी आहे. दिवाळी झाली की तिथली घरे बंद होतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे पेणच्या पलीकडे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलेही जातात. चाचणीच्या दिवशी जी मुले गैरहजर, ती हिशेबात धरली जात नाहीत. म्हणजे बाईंनी जानेवारीत स्वस्थ बसून राहायचे ठरवले असते, तर शाळेचा निकाल उत्तम लागला असता.

त्या बसल्या नाहीत. एसटीने भट्टीवर गेल्या, दोन रविवार आईबापांच्या विनवण्या केल्या आणि वाडीत मागे राहिलेल्या आज्यांच्या भरवशावर चार मुले परत आणली. अडीच महिने विटा थापणाऱ्यांच्या सोबत राहिलेली ती मुले तीन आठवड्यांनी चाचणीला बसली. त्यांतली एक तिसरीतली मुलगी मी पाहिली होती. विटांच्या थराकडे नुसते पाहून ती तोंडी संख्या सांगे, आणि पाटीवर तीच बेरीज मांडायला सांगितली की पेन्सिल तोंडात धरून गप्प बसे. लहान शाळेत चार मुले म्हणजे थोडी नव्हेत. त्यांनी निकाल खाली ओढला.

शनिवारच्या सभेला केंद्रप्रमुख आले. दहा-बारा शाळा त्यांच्याकडे. त्या साऱ्या शाळांच्या रंगांवरून त्यांचेही मूल्यमापन व्हायचे होते. माणूस सौम्य, मोटारसायकलवरून उन्हात फिरून रापलेला. समितीचे अध्यक्ष हे एका विद्यार्थ्याचे वडील, टेम्पोचा व्यवसाय करणारे. मी, बाई आणि दोन माता-सदस्य, एवढेच आणखी होतो.

केंद्रप्रमुखांनी पाणी पिऊन मुद्द्याला हात घातला. "बाई, तुमचं काम मला माहीत आहे. पण वर काम जात नाही, रंग जातो. एप्रिलच्या त्या एका दिवशी ती चार मुलं आईबापांना भेटायला भट्टीवर गेली, तर कुणाचं काय बिघडेल?"

"बरोबर बोलतात सायेब," अध्यक्ष म्हणाले. "पासिंगच्या दिवशी आम्ही पण टेम्पोला दुसऱ्याची चांगली टायरं घालून नेतो. पास झाला की काढून परत देतो. सगळेच करतात, गुरुजी. आरटीओला पण माहीत हाय."

"माझी मुलं टायर नाहीत, भाऊ," बाई म्हणाल्या.

"मी कुठं म्हटलं? उलट टायर बरं, ते घरी ठेवलं तर रडत नाय."

माता-सदस्य हसल्या. बाईही किंचित हसल्या आणि म्हणाल्या, "एक दिवस म्हणून पाठवलेलं मूल भट्टीवरून परत येत नाही. दोनदा पदर पसरून मी त्यांना आणलंय, तिसऱ्यांदा आई देणार नाही. ती बसतील. जे येईल ते लिहितील."

केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे पाहिले. मी बोलायला उभा राहिलो. बसूनही बोलता आले असते. परंतु मनात संताप होता, आणि संतापलेल्या शिक्षकाला उभे राहिल्यावाचून बोलता येत नाही. मी माझ्या पाठशाळेची गोष्ट सांगितली. आमचे गुरुजी संथा देत, म्हणजे एक चरण स्वतः म्हणत आणि आम्ही तो मागून म्हणत असू. शेवटच्या मुलाचा उच्चार शुद्ध झाल्याखेरीज ते पुढच्या चरणाकडे जात नसत. एकदा एका मुलाच्या जिभेसाठी सारा वर्ग दोन दिवस एकाच ओळीवर थांबला होता. मी म्हणालो, "त्या दोन दिवसांत गुरुजींनी काहीच शिकवले नाही, असे तुमचा हा कागद म्हणेल. सर्वांत मागे राहिलेल्याला जो हात देतो, त्यालाच तुम्ही शिक्षा करणार. विद्येच्या घरात हा न्याय नव्हे." आणखीही पुष्कळ बोललो. शब्द चांगले सुचत होते.

माझे झाल्यावर केंद्रप्रमुख थोडा वेळ कागदाची घडी घालत राहिले. मग अगदी आदराने म्हणाले, "सर, तुमचा संस्कृतचा निकाल कायम शंभर टक्के असायचा ना?"

"होय," मी म्हणालो.

"मी तुमच्याच शाळेत होतो. तुम्हाला आठवणार नाही. आठवीत मी संस्कृतचा फॉर्म भरला होता. सातवीचे मार्क बघून तुम्ही म्हणालात, तुला झेपायचं नाही, पूर्ण हिंदी घे."

अध्यक्षांनी घसा साफ केला.

"राग नाही, सर," केंद्रप्रमुख म्हणाले. "हिंदीत बरे मार्क पडले. पण शंभर टक्के कसे येतात, ते मी तिथंच शिकलो."

मी खाली बसलो. मला खरोखरच तो विद्यार्थी आठवत नव्हता. ती चाळणी मात्र आठवत होती. दर जूनमध्ये गुणपत्रिकांचा गठ्ठा समोर घेऊन मी बसत असे आणि ज्यांची जीभ जड, ज्यांच्या घरी पाठांतर घेणारे कोणी नाही, त्यांची नावे बाजूला काढत असे. त्यांच्या हिताचेच करतो आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. दहावीचा निकाल लागला की मी पालीला जाऊन बल्लाळेश्वराला एकवीस मोदक अर्पण करी आणि शंभर टक्क्यांबद्दल त्याचे आभार मानी. इतकी वर्षे देवापुढे उभा राहून मी नेमके कशाचे आभार मानत होतो, हा प्रश्न मला त्या शनिवारपर्यंत पडला नव्हता. मला त्यासाठी शाळेने शालही दिली होती.

तरीही राग गेला नाही, हे मी लपवत नाही. स्वतःचा दोष कळला म्हणून समोरचा अन्याय न्याय होत नाही. उलट तो कागदही माझ्यासारख्याच हाताने लिहिला गेला आहे, हे मला आता अधिक नीट दिसत होते. मी 'समाधानकारक' या चौकटीत खूण केली आणि सोबत दोन पाने स्वतंत्र जोडली. त्यांत बाईंनी काय केले ते लिहिले, आणि माझा निकाल शंभर टक्के कसा लागत असे, तेही लिहिले. केंद्रप्रमुखांनी पाने वाचली. "सर, याला फॉर्ममध्ये जागा नाही," ते म्हणाले. पण ती त्यांनी परत केली नाहीत. नीट टाचून पिशवीत ठेवली. पुढे ती कोणी वाचली का, मला ठाऊक नाही.

एप्रिलच्या फेरचाचणीला चारही मुले बसली. त्या तिसरीतल्या मुलीने हातच्याची बेरीज मांडली आणि ती बरोबर आली. बाईंनी ते मला रस्त्यात थांबवून सांगितले, जणू त्यांच्या लेकीला नोकरी लागली होती. पण एका बेरजेने तांबड्याचा पिवळाही होत नाही. जूनमध्ये आदेश आला. बाईंचा कार्यभार काढून त्यांना तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत साधी शिक्षिका म्हणून पाठवले. निवृत्तीला त्यांची तीन वर्षे उरली होती. मी तालुक्याच्या कार्यालयात चार वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब सभेत होते, दुसऱ्यांदा प्रशिक्षणात. तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, आजोबा, हे सगळं संगणक ठरवतो. चौथ्यांदा त्या संगणकाला भेटायला गेलो. तो बंद होता.

नवे मुख्याध्यापक आले. व्यवहारी गृहस्थ. दिवाळीनंतर वाडी भट्टीवर गेली, तेव्हा त्यांनी चारही नावांपुढे 'स्थलांतरित' असा शेरा मारून ती पटावरून कमी केली. यंदाच्या फेब्रुवारीत चाचणी झाली आणि आमची शाळा हिरवी झाली. अध्यक्षांनी पेढे वाटले. मूल्यमापनाचा कागद समोर येताच मी 'असमाधानकारक' या चौकटीत खूण केली.

"गुरुजी, चुकून केलीत काय?" अध्यक्षांनी विचारले.

"नाही."

"मग असं करू," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "पुढच्या समितीत तुम्हाला आराम देऊ. वय पण झालंय. दगदग नको."

घरी आल्यावर मी बाईंना फोन केला. शाळा हिरवी झाल्याचे, नावे कमी केल्याचे आणि मी कोणत्या चौकटीत खूण केली, ते सारे सांगितले. माझ्या आवाजात थोडा अभिमान असावा. सारे ऐकून त्यांनी विचारले, "मुलं कुठल्या भट्टीवर आहेत, गुरुजी? यंदा पेणलाच गेलीत का आणखी कुठं?"

मला माहीत नव्हते.

"आणि ती तिसरीतली, आता चौथीत असेल. तिनं पुस्तकं नेलीत का बरोबर?"

तेही मला माहीत नव्हते. वर्षभर मी त्या चार नावांसाठी भांडत होतो. वाडीवर जाऊन एकदाही विचारले नव्हते.

"असू द्या," बाई म्हणाल्या. "वाडीतल्या तिच्या आजीला विचारून मला कळवा. रविवारची एसटी मी बघून ठेवते."