साहेब कडेला सरकले

दामले काका बातमी वाचत नसत, फोटो वाचत. युरोपातल्या देशांची बैठक संपली की सगळे नेते पायऱ्यांवर ओळीने उभे राहून फोटो काढतात. काका तो टीव्हीवर मोठा करून लावत आणि आपले साहेब कुठे उभे आहेत ते बोटाने शोधत. साहेब म्हणजे तिकडच्या एका मध्यम आकाराच्या देशाचे पंतप्रधान. काकांनी तरुणपणी त्या देशात काही काळ नोकरी केली होती आणि तेवढ्या भांडवलावर त्या देशाचं परराष्ट्र धोरण ते अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या आपल्या सोफ्यावरून चालवत. "त्या साहेबांनी ह्यांना साधं दिवाळीचं कार्ड पाठवलेलं नाही," असं काकू आल्यागेल्याला सांगत.

मी नोकरीसाठी इथे आलो तेव्हा काकांनी पहिल्याच भेटीत पोह्यांच्या बशीबरोबर मला असाच एक फोटो वाढला. "मधे उभा आहे तो यजमान. यजमान वाकून ज्याच्याशी बोलतोय, तो खरा मालक," ते म्हणाले. त्या फोटोत यजमान साहेबांकडे वाकला होता. काकांच्या चेहऱ्यावर पोरगा पहिला आल्यासारखा आनंद होता.

पुढे साहेब सरकायला लागले. मधून कडेला गेले, मग मागच्या रांगेत. एका फोटोत तर एका उंच बाईंच्या खांद्यामागून साहेबांचा नुसता चष्मा दिसत होता.

"पायरी निसरडी असेल," काका म्हणाले.

"एवढ्या जणांत ह्यांच्याच पायाखालची?" काकूंनी विचारलं.

काका स्वतःही काही कमी सत्ताधीश नव्हते. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे ते कायमचे अध्यक्ष. पुणेकर, मुंबईकर आणि नागपूरकरांना एका पंगतीला बसवायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं, आणि तेही फोनवर. बैठकीच्या आधी सगळ्यांशी बोलून ठरवून टाकायचं, बैठकीत फक्त चहा प्यायचा. "बैठकीत निर्णय घेणं म्हणजे पानं वाढल्यावर तांदूळ निवडायला घेणं," असं ते म्हणत.

त्या उन्हाळ्यात दोन्हीकडे एकदमच पेटलं. युरोपात सगळ्या देशांच्या सामाईक अंदाजपत्रकावर वाटाघाटी सुरू झाल्या आणि साहेबांनी नकाराधिकार वापरायची धमकी दिली. इकडे मंडळातल्या तरुण मंडळींना वेगळा गणपती हवा झाला. त्यांना ढोलपथक हवं होतं, मुलांना कळेल असा कार्यक्रम हवा होता, आणि भाषणं नको होती. भाषणं म्हणजे काकांचीच. काकांचा जीव मात्र एका गणपतीत अडकला होता. मला म्हणाले, "वर्षातून एकदा आपली सगळी पोरं एका छताखाली जेवतात. ते मोडलं की आपण नुसते एका दुकानात कोथिंबीर घेणारे लोक."

त्यांनी नेहमीप्रमाणे घरोघरी फोन केले. सगळीकडून एकच उत्तर आलं, "हो काका, तुम्ही म्हणाल तसं." काकांनी ती मतं धरली. वास्तविक मराठी घरात वाढलेलं कुठलंही पोर वडीलधाऱ्यांना हेच सांगतं आणि मग स्वतःला हवं ते करतं. आणि हे न कळायला काका काही भोळे नव्हते. त्याच आठवड्यात साहेबांना तिकडे सगळे म्हणत होते की आम्ही आपल्या भावना समजू शकतो, आणि काका आम्हाला त्याचा अर्थ हसत हसत समजावून सांगत होते, "म्हणजे कोणी ऐकणार नाही."

लायब्ररीच्या खोलीत बैठक झाली. वेगळ्या गणपतीसाठी भराभर हात वर गेले. फोनवर 'हो काका' म्हणालेले हातही त्यात होते, फक्त त्यांचे मालक खाली बघत होते. तरुणांचा पुढारी अमेय, पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, भला मुलगा, जवळ येऊन म्हणाला, "काका, प्लीज पर्सनली घेऊ नका. वी ऑल रिस्पेक्ट यू." काकांनी मान डोलावली आणि चहा संपवला.

तिकडे साहेबांनी खरंच नकाराधिकार वापरला. बाकीचे देश उठून शेजारच्या खोलीत गेले आणि साहेबांना वगळून त्यांनी आपापसात करार करून टाकला. टीव्हीवर साहेब लांबलचक टेबलाशी एकटे कागद आवरताना दिसले. या वेळी काकांनी पायरीला दोष दिला नाही. "हातात होता म्हणून वापरला," एवढंच म्हणाले. "आता त्यांना कोणी विचारणारसुद्धा नाही."

नकाराधिकार काकांच्याही हातात होता. पेणहून बोटीने आणलेली मंडळाची मोठी मूर्ती, मखर, समया, मोठाली पातेली, सगळं काकांच्या गॅरेजमध्ये होतं. जुन्या मंडळींनी सल्ला दिला, "किल्लीच देऊ नका. मूर्तीशिवाय काय बसवतात ते बघू." मलाही ते पटलं होतं. दोन दिवसांनी काकांनी स्वतःच अमेयला बोलावलं.

अमेय भांडायच्या तयारीने व्हॅन आणि दोन मित्र घेऊन आला. काकांनी मूर्तीभोवती रजई गुंडाळून दिली. "सोंडेला धक्का लावू नका," म्हणाले.

"काका, आम्हाला वाटलं तुम्ही रिफ्यूज कराल."

"केलं असतं तर तुम्ही दुसरी ऑर्डर केली असती. आणि मला परत फोन केला नसता."

"पण मग जुन्या ग्रुपचं काय?"

"आम्हाला घरातली पितळेची पुरे. पोरं तुमच्याकडे जास्त आहेत. मोठा गणपती तिकडेच शोभेल."

अमेय वाकून पाया पडला. व्हॅन वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत काका ड्राइव्हवेत उभे होते. मग ते आपल्या गाडीत बसले. गॅरेजमध्ये देव म्हणून मिनेसोटाच्या बर्फात त्यांची गाडी इतकी वर्षं बाहेर असायची आणि काका हिवाळाभर पहाटे काच खरवडत. ती त्यांनी हळूहळू आत घेतली, इंजिन बंद केलं आणि तसेच बसून राहिले. मी काचेवर टकटक केलं. काच खाली आली तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. इतका कोणाचा अभिमान मला क्वचित वाटला आहे.

"बरीच जागा आहे की रे इथे," ते म्हणाले.

आतून काकूंनी हाक मारली, "झालं का राज्य करून? पानं वाढलीयेत."

पहिल्या हाकेला जेवायला उठलेले काका मी त्या दिवशी प्रथम पाहिले.