समुद्राखालचा घुमा पाहुणा

समुद्राच्या तळाशी माणसानं कसं जगावं, हे माझ्या धाकट्या साळ्याइतकं खोलात जाऊन कळलेला माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि त्यानं अजून समुद्र पाहिलेला नाही. "पाहून काय करू, भाऊजी? वरून तं नुसतं पाणीच दिसते," असं तो म्हणतो. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून तो अड्याळला घरी परतला, तो एक व्हिडिओ गेम बनवायला. समुद्राखाली एक ठाणं आहे, त्यात तुम्ही अडकला आहात, हवा संपत चालली आहे, आणि वरून मदत येईपर्यंत तग धरायचा, एवढाच खेळ.

पाण्याखालचा आवाज अस्सल हवा म्हणून त्यानं मोबाईल स्टीलच्या डब्यात घालून दोरीनं गावच्या तलावात सोडला. डबा वर आला, मोबाईल शाबूत निघाला, आवाजही आला, पण तो काठाशी डुंबणाऱ्या म्हशीचा. वाया कशाला घालवायचा म्हणून तो त्यानं खेळातल्या देवमाशाला देऊन टाकला. दम कोंडल्यावर नेमकं काय होतं हे कळावं म्हणून तो भरल्या बादलीत डोकं घालून बसायचा, आणि सासूबाई स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणायच्या, "बुडून झालं असन तं जेवून घे." त्याच्या ठाण्यात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात, नाहीतर दार बंदच होत नाही. आत काचेच्या घरात धान लावायला ओणवं होऊन रोवणा करावा लागतो. बाहेर मरळ पोहत असते. मरळ तलावातली, खाऱ्या पाण्यात कशी जगेल, असं मी विचारलं, तर म्हणाला, "होते ना सवय हळूहळू. मी नाही राहिलो का पुण्यात?"

पण त्याचा खरा हट्ट म्हणजे पाहुणा. शेजारच्या ठाण्यातून कोणीतरी येतं आणि दार ठोठावतं. उघडलं तर त्याला बसवायचं, चहा द्यायचा, आणि तो आपल्याच वाट्याची हवा ओढत निवांत बसणार. मरायला टेकलेल्या माणसानं चहा काहून ठेवायचा, हे मला समजेना. "मंग काय दारातूनच वापस पाठवता?" त्यानं असं विचारलं की जणू मी त्याच्या आईचा अपमान केला होता.

आता माझ्याविषयी सांगायला हवं. सासरी मी घुमा जावई म्हणून ओळखला जातो आणि ते खरं आहे. खेळ तयार झाल्यावर त्यानं तो पहिल्यांदा मला पाठवला. "खरं खरं सांगा, भाऊजी. बाकीचे तोंडावर गोड बोलतेत." मी खेळलो आणि दर वेळी मेलो. दारावर टकटक झाली की मी ठाण्यातले दिवे मालवून गप्प बसायचो, घरी बसतो तसाच. मग त्याचा फोन आला. खेळ कसा वाटला? छान, म्हणालो. आणि पाहुणा? पाहुणा तर फारच छान. कमी बोलणारा माणूस खोटंही कमी बोलतो असं नाही. तेवढ्याच शब्दांत उरकतो.

पुढे नागपूरच्या एका कंपनीनं खेळ घ्यायची तयारी दाखवली. अट एकच: पाहुणा काढा, शार्क वाढवा. एका रात्री जेवताना बायको सहज म्हणाली, "त्यानं नाही म्हणून सांगितलं त्याइले. म्हणते, भाऊजीले पाहुणा आवडला, आता काढत नाही." जो पाहुणा मी डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्याच्या पायी पोरगा हातचं सोडत होता.

सुट्टीच्या दिवशी बसनं अड्याळला गेलो. चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं, "मी दार कधी उघडलंच नाही. तुला खोटं सांगितलं."

तो रागावला नाही. "म्हणजे पाहुणा कोण हाये, तेबी नाही पाहिलं?"

"नाही."

"मंग बसा. आता उघडा."

त्यानं खेळ लावून दिला. टकटक झाली. मी दार उघडलं. आत आलेल्या माणसाचे खांदे जरा पुढे झुकलेले होते, खिशात दोन पेनं होती, आणि त्यानं चपला काढून भिंतीशी अगदी सरळ लावल्या. हे सगळं मी रोज आरशात आणि दाराशी पाहतो. तो बसला, चहा प्यायला, एक अक्षर बोलला नाही. मग उठून हवेच्या पंपाकडे गेला, पंप खोलला, पुसला, जोडला. खाली चाललेला काटा हळूहळू वर चढू लागला. पाहुणा निघून गेला.

"बाबा गेले तवा सारा गाव बोलून राहिला होता," साळा पडद्याकडेच पाहत म्हणाला. "तुम्ही काही बोलले नाही. वावरातली मोटर बंद पडली होती, ते खोलून बसले. धान वाचलं त्या साली."

सासरे गेले तेव्हा ह्या पोराला धीराचा एक शब्द आपल्याला देता आला नाही, हे मी इतकी वर्षं उरात बाळगून होतो. मोटर मी मदत म्हणून उघडलीच नव्हती. माणसांतून पळून वावरात गेलो होतो. तेही त्या दिवशी त्याला सांगितलं.

"ते तं दिसतच होतं," तो म्हणाला. "पण मोटर चालू झाली ना?"

निघताना मी सुचवलं, थोडे शार्क टाक, कंपनीला बरं वाटेल. "टाकतो," म्हणाला, "पण पाहुणा राहीन." कंपनीनं अजून काही कळवलेलं नाही. मी मात्र आता दार उघडतो. आम्ही दोघे घुमे समोरासमोर बसतो, चहा निवत जातो, हवा थोडी थोडी कमी होते, आणि बाहेर अंधाऱ्या पाण्यात लांब कुठेतरी देवमासा अड्याळच्या म्हशीच्या आवाजात हंबरतो.